तीन तयार

पेटीच्या मागच्या डाव्या पायातून तेल गळतं. खाली प्लास्टिकची बादली ठेवली आहे आणि रोज सकाळी ती रिकामी करणं हे माझं पहिलं काम. तेवीस वर्षं बाँबरमध्ये नॅव्हिगेटर म्हणून काढलेल्या माणसाचं हे पहिलं काम. नव्या वॉशरची मागणी मी चार वेळा पाठवली. चारही वेळा उत्तर आलं की मागणी मिळाली.

पेटी म्हणजे सिम्युलेटर. विमानाच्या नाकाएवढी एक खोली चार जाड पायांवर उभी आहे. आत चार खुर्च्या आणि खिडक्यांच्या जागी पडदे. पुढे डावीकडे कॅप्टन बसतो, तो एक. त्याच्या उजवीकडे को-पायलट, दोन. मागे नॅव्हिगेटर, तीन. त्याच्या शेजारी शस्त्र अधिकारी, चार. मी बाहेर काचेपलीकडे टेबलाशी असतो. माझ्यासमोर चार हिरवे दिवे आहेत, एकेका खुर्चीच्या माइकचे. जो बोलेल त्याचा दिवा लुकलुकतो. मी बोललो तर वरचा पिवळा. क्रूला खोटं वादळ द्यायचं, खोटी आग लावायची आणि ते काय करतात ते पाहायचं, ही माझी नोकरी.

दोन नंबरच्या खुर्चीत माझी मुलगी बसते. घरी मी बाबा, पेटीत सर. तिची आई म्हणते, "लेक बाँब टाकते, बाप आगी लावतो, आणि घरातला नळ तीन महिने गळतोय."

आता सगळं सांगून टाकतो, कारण झाकायला काही उरलेलं नाही. आमच्या स्क्वाड्रनकडे बारा विमानं आहेत. त्यांतली चार उडतात. बाकीची आठ त्या चारांना सुटे भाग पुरवतात, म्हणजे हँगरमध्ये उभ्या उभ्या सोलली जातात. एका क्रूने महिन्याला वीस तास उडायला हवं. मिळतात पाच. उरलेले पंधरा पेटीत काढायचे आणि पेटीतल्या तासालाही उड्डाणच म्हणायचं, असं वरून पत्र आलं. उद्या बादलीत पाय बुडवणाऱ्यालाही पोहता येतं म्हणतील. पत्रावर सही करणारा माणूस गेली नऊ वर्षं फक्त प्रवासी म्हणून विमानात बसतो.

नॅव्हिगेटर तर औषधालाही मिळत नव्हते. त्यांची शाळा दोन वर्षं बंद होती, कारण शिकवणारे नोकऱ्या सोडून गेले होते. सहा क्रू आणि नॅव्हिगेटर तीन. माझ्या मुलीच्या क्रूची तीन नंबरची खुर्ची पाच महिने रिकामी होती.

आमच्याकडे एक जुना नियम आहे. प्रत्येक टप्प्याआधी कॅप्टन विचारतो आणि सगळे क्रमाने उत्तर देतात. एक तयार, दोन तयार, तीन तयार, चार तयार. एखादी खुर्ची रिकामी असली तर तिच्या वतीने कुणी बोलायचं नाही. मनात तीन अंक मोजायचे, तेवढा वेळ गप्प राहायचं आणि मग पुढच्याने बोलायचं. यात भुताखेताचं काही नव्हतं. मला शिकवणाऱ्याने साधं कारण सांगितलं होतं, की एकदा उत्तर ऐकलं की माणूस त्या उत्तरावर विसंबतो.

तो नियम मी मोडला.

आमचा स्क्वाड्रन प्रमुख एके काळी माझा विद्यार्थी होता. मी त्याला साहेब म्हणतो, तो मला सर म्हणतो आणि सर म्हणत म्हणत माझ्या डोक्यावर मिऱ्या वाटतो. महिन्याभरावर मोठी तपासणी आली होती. तपासणीवाले विमानात बसत नाहीत. ते टेप ऐकतात. टेपवर चार आवाज असले की क्रू सज्ज.

"सर, एक छोटंसं काम होतं," साहेब म्हणाला. "तीन नंबरचं उत्तर तुम्हीच देत जा. टेबलावरच्या माइकवरून."

"तिथे माणूस नाही, साहेब."

"तेवीस वर्षं त्या खुर्चीत तुम्हीच होतात ना? मग खोटं काय त्यात?"

"आता नाही मी तिथे."

तो खिडकीबाहेर बघायला लागला. "क्रू अपुरा राहिला तर मोडावा लागेल मला. तुमच्या मुलीला जमिनीवरचं काम द्यावं लागेल. मला तरी बरं वाटेल का?"

दोन नंबरच्या खुर्चीसाठी ती चार वर्षं राबली होती. मी हो म्हटलं. साहेबाचा राग मला येतोच, पण त्या 'हो'चा राग त्याहून जास्त येतो. कुंपणच शेत खायला लागलं, आणि त्या कुंपणाचा एक खांब मी होतो.

अकरा दिवस मी काचेपलीकडून "तीन तयार" म्हणत राहिलो. क्रूला ठाऊक होतं. कॅप्टन इतका उंच की त्याचे गुडघे पॅनेलला लागतात, म्हणून सगळे त्याला उंट म्हणतात. तो हसायचा. शस्त्र अधिकारी चष्मा पुसत पुसत बोलतो, म्हणून तो गुरुजी. तो हसायचा नाही. माझ्या मुलीने एकदाच काचेतून माझ्याकडे पाहिलं आणि मान वळवली.

बाराव्या दिवशी सकाळी मला ठसका लागला. उंटाने विचारलं, "उड्डाणापूर्वी. एक तयार."

"दोन तयार," मुलगी म्हणाली.

मी बटण दाबायला हात पुढे केला, पण खोकला थांबेना. हात तसाच राहिला.

"तीन तयार."

"चार तयार," गुरुजी म्हणाला आणि पेटी हलायला लागली.

मला वाटलं, गुरुजीनेच सांभाळून घेतलं. सराव संपल्यावर त्याचे आभार मानायला गेलो तर तो चष्मा हातात धरून माझ्याकडे बघत राहिला. "सर, मी कुठे बोललो? तुम्हीच बोललात की."

उंट म्हणाला, "सरांचा घसा बसल्यावर आवाज तरुण होतो बरं का."

मी टेप ऐकली. आवाज माझा नव्हता. गुरुजीचाही नव्हता. तिशीतल्या माणसाचा, नीट, न घाबरलेला, जरा मृदूच. इतक्या वर्षांत ज्यांच्याबरोबर उडालो त्या कुणाचाही तो नव्हता. मी नऊ वेळा ऐकून खात्री केली.

दुसऱ्या दिवशी मी मुद्दाम गप्प बसलो. दोन्ही हात टेबलावर पसरून ठेवले आणि दिव्यांकडे पाहत राहिलो. उंटाने विचारलं. पहिला दिवा लुकलुकला, दुसरा लुकलुकला, मग तिसरा लुकलुकला.

आमच्या इलेक्ट्रिशियनला आम्ही फ्यूज म्हणतो. त्याने दुपारभर पेटीची मागची झाकणं उघडून एकेक तार तपासली. शेवटी हात पुसत माझ्या टेबलाशी आला.

"सर, तीन नंबरचा माइकवाला हेडफोन कुठेय?"

मी खण उघडला. हेडफोन तिथेच होता, पाच महिन्यांपूर्वी गुंडाळून ठेवला तसाच. वायरला रबर लावलेलं.

"मग दिवा लागेलच कसा?" फ्यूज म्हणाला. त्याने खणात पाहिलं, पेटीकडे पाहिलं आणि हत्यारं गोळा करायला लागला. "मी काही पाहिलं नाही हां, सर. माझी बदली जवळ आलीये."

मी अजूनही भूत वगैरे म्हणत नव्हतो. आताही म्हणणार नाही. मी नकाशाचा आणि घड्याळाचा माणूस आहे. म्हणून मी परीक्षा घेतली. एका सकाळी मुद्दाम वारा चुकीचा भरला, म्हणजे क्रूच्या पडद्यावर एक आकडा आणि पेटीच्या पोटात दुसरा. नॅव्हिगेटरशिवाय तो क्रू लक्ष्यापासून चार मैल लांब जायला हवा होता. आठव्या मिनिटाला तिसरा दिवा लुकलुकला.

"वारा चुकीचा आहे. सात अंश डावीकडे घ्या."

माझी मुलगी म्हणाली, "सात अंश डावीकडे." पेटी डावीकडे कलली. ते लक्ष्यावर पोचले तेव्हा फरक चाळीस मीटर होता. माझ्या उमेदीतही मला चाळीस मीटर जमलं नव्हतं.

मी सराव तिथेच थांबवला, पेटीचं दार उघडलं आणि तिघांना सांगितलं, "गेले सहा दिवस मी एक शब्द बोललेलो नाही."

आत गरम तेलाचा आणि घामाचा वास होता. तिसरी खुर्ची रिकामी होती. मुलीने मागे वळून त्या खुर्चीकडे पाहिलं नाही. बाकी दोघांनी पाहिलं.

उंट बराच वेळ गुडघा चोळत राहिला. "सर, खरं सांगू? जो कोण आहे तो वारा बरोबर सांगतो. गेल्या वर्षभरात आम्हाला बरोबर सांगणारा तो पहिलाच आहे."

मी तडक साहेबाकडे गेलो. त्याला हाताला धरून आणलं आणि टेबलाशी बसवलं. त्याने डोळ्यांनी तिसरा दिवा पाहिला, कानांनी आवाज ऐकला. त्याचा चेहरा पांढरा पडला. मला वाटलं, सुटलो, आता हा पेटीला कुलूप लावेल. पण तो पांढरेपणा हळूहळू उतरला आणि त्याच्या चेहऱ्यावर हरवलेली किल्ली सापडल्यासारखा आनंद दिसायला लागला.

"किती तास झाले याचे?"

"कुणाचे, साहेब?"

"तीन नंबरचे."

"बारा."

"काही चूक?"

"एकही नाही."

"मग अडचण काय आहे, सर?"

मी ओरडलो. तेवीस वर्षांत कुणा वरिष्ठावर ओरडलो नव्हतो, त्या दिवशी सगळं वसूल केलं. "अडचण ही आहे की तिथे माणूस नाही! तुम्हाला नॅव्हिगेटर पाहिजेत, तर शाळा उघडा! विमानं दुरुस्त करा! पोरांना उडू द्या! हे कोण आहे, कुठून आलंय, त्याला काय हवंय, काही माहीत नाही आणि तुम्ही त्याचे तास मोजताय?"

"त्याला काही नकोच आहे, सर," साहेब शांतपणे म्हणाला. "तेच तर विशेष आहे. रजा नको, पगार नको, क्वार्टर नको." त्याने टेबलावर बोट वाजवलं. "तपासणीचं उड्डाण याच क्रूला देतो. खऱ्या विमानात. तीन नंबर रिकामी जाईल. तुम्ही काळजी करू नका, टेपवर चार आवाज येतील."

खरं विमान. जमिनीपासून नव्वद मीटरवरून, डोंगरांमधून, ताशी नऊशे किलोमीटर. पेटीत चूक झाली तर मी बटण दाबतो आणि पडदे पांढरे होतात. तिथे बटण नसतं. आणि दिशा सांगणार कोण, तर ज्याला आम्ही कुणी ओळखत नव्हतो असा एक आवाज. त्याने सात अंश डावीकडे म्हटलं की माझी मुलगी सात अंश डावीकडे घेणार होती, समोर डोंगर असला तरी.

रविवारी दुपारी ती स्वयंपाकघरात सिंकखाली पाठीवर आडवी पडून नळ दुरुस्त करत होती.

"बाबा, बारका पाना द्या."

मी पाना दिला. "तू नाही म्हण त्यांना."

"मी नाही म्हटलं तर दुसऱ्या कुणाला तरी बसवतील. जेमतेम आठ तास उडालेल्या कुणाला तरी. उंटाचं काय होईल? गुरुजींना दोन लहान मुलं आहेत."

"तुला भीती नाही वाटत?"

पाना थांबला. "वाटते. पेटीत माझ्या मानेमागे कुणीतरी श्वास घेतं, बाबा. बोलायच्या आधी घेतं. टेपवर येत नाही तो."

"मग तरी जाणार तू?"

"पहिलं उत्तर तुम्ही दिलंत ना?" ती म्हणाली. रागाने नाही. राग असता तर बरं झालं असतं. "तुमच्या आवाजात ऐकलं आम्ही ते अकरा दिवस. मग सवय झाली." तिने नळ आवळला. गळायचा थांबला. तिची आई दारात उभी होती. तिने नळाचं कौतुकही केलं नाही.

माझ्या हातात एकच गोष्ट होती. पेटीचा प्रशिक्षक कुणालाही उड्डाणासाठी अपात्र ठरवू शकतो. त्याला वरची मंजुरी लागत नाही, आणि तो शेरा तीन वर्षं पुसता येत नाही. सोमवारी सकाळी मी तो कागद भरला. मुलीचं नाव लिहिलं. कारणाच्या रकान्यात लिहिलं, हात आणि डोळ्यांचा मेळ कमी. हे धादांत खोटं होतं. तिच्यासारखे हात त्या स्क्वाड्रनमध्ये कुणाचे नाहीत. सही केली, शिक्का मारला आणि कागद साहेबाच्या टेबलावर माझ्या हाताने ठेवला.

त्या संध्याकाळी घरी तिने मला "सर" म्हटलं. "सर, जेवण वाढलंय." पुढचे सहा दिवस सरच. मी ऐकून घेतलं. मुलगी चिडली तर चिडू दे, चिडायला ती जमिनीवर आहे, असं मी मनाला बजावत होतो. बदली माणूस तयार करायला वेळ उरला नव्हता, आणि दोन नंबर नाही म्हणजे उड्डाण नाही. एकट्या पायलटने बाँबर उडवायला नियमच परवानगी देत नाही. मी जिंकलो होतो.

तपासणीच्या दिवशी सकाळी दहाला मी टॉवरवर गेलो. स्वच्छ ऊन होतं. तीन तपासनीस कॉफी घेऊन खुर्च्यांत बसले होते. समोर स्पीकर होता, त्यावर विमानातलं बोलणं ऐकू येणार होतं. मुलगी कार्यालयाच्या साध्या गणवेशात खिडकीशी उभी होती. मी तिच्या शेजारी जाऊन उभा राहिलो. ती हलली नाही.

खाली धावपट्टीच्या तोंडाशी विमान उभं होतं. शिडी लावलेली होती.

"कुठला क्रू आहे?" मी विचारलं.

तिने माझ्याकडे दुर्बीण सरकवली. मी दुर्बीण घेतली. शिडीवरून एक उंच माणूस चढला. मागून चष्मा पुसणारा चढला. शिडी काढली. दार लागलं, इंजिनं सुरू झाली.

मी साहेबाचा दंड धरला. "दोन नंबर कोण आहे?"

"आपली नेहमीचीच, सर."

"ती इथे आहे! मी तिला अपात्र केलंय! माझा कागद..."

"तुमचा कागद मला उद्या मिळणार आहे," साहेब तपासनीसांकडे बघून हसत म्हणाला. "आजच्या यादीत तिचंच नाव आहे."

स्पीकर खरखरला. उंटाचा आवाज आला. "उड्डाणापूर्वी. एक तयार."

मी मोजायला सुरुवात केली. एक. दोन.

"दोन तयार."

तो माझ्या मुलीचा आवाज होता. ती दोन म्हणताना सुरुवातीला किंचित अडते, लहानपणापासून. स्पीकरमधला आवाजही अडला.

मी तिच्याकडे पाहिलं. तिचे ओठ मिटलेले होते.

"तीन तयार," तो मृदू आवाज म्हणाला.

"चार तयार," गुरुजी म्हणाला. त्याचा आवाज कापत होता.

मी टॉवरवाल्याच्या हातातून माइक हिसकावला. "उंट, थांब! विमान थांबव! दोन नंबर इथे माझ्याजवळ आहे!"

क्षणभर नुसती इंजिनं ऐकू आली. मग उंट म्हणाला, "टॉवर, पुन्हा सांगा. दोन माझ्या शेजारी आहे."

साहेबाने माझ्या हातातला माइक काढून घेतला आणि बंद केला. "सरांची तब्येत बरी नसते हल्ली," तो तपासनीसांना म्हणाला. एकाने समजल्यासारखी मान हलवली आणि कागदावर चार खुणा केल्या.

विमान धावायला लागलं. खिडकीची काच थरथरली.

"नियंत्रण तुझ्याकडे," उंट म्हणाला.

"नियंत्रण माझ्याकडे," माझी मुलगी स्पीकरमधून म्हणाली.

विमानाने जमीन सोडली. चाकं आत गेली. ते डोंगरांच्या दिशेने वळायला लागलं.

"बाबा."

सहा दिवसांनी तिने मला बाबा म्हटलं. शेजारून, खऱ्या तोंडाने, अगदी हळू. मी वळलो. ती दोन्ही हातांनी छातीवर काहीतरी चाचपत होती. तिथे गणवेशाच्या बटणांशिवाय काही नव्हतं.

"बाबा, मला पट्टा सुटत नाहीये."

मी तिचे हात धरले. ते थंड होते. तिच्या शर्टावर दोन्ही खांद्यांवरून खाली कमरेपर्यंत, विमानातल्या खुर्चीचे पट्टे येतात नेमक्या तिथे, दोन रुंद चुण्या पडल्या होत्या. विमान जसजसं कलत होतं तशा त्या खोल जात होत्या.